जिनमधला गूळ

अनया, मिहिर,

तुमच्या बाबाने गेल्या महिन्यात रक्तातली साखर मोजायचं यंत्र पाठवलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर टेकवायचा, की लगेच आकडा येतो. आकडा काही फार चांगला आला नाही, पण ते जाऊ दे. त्या इवल्याशा पडद्याकडे बघताना मला निळं पाणी आठवलं. आमच्या वेळी साखर निळ्या पाण्यातून कळायची. लघवीचे काही थेंब निळ्या द्रावात घालून नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर देवाची कृपा. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं, तर समोर बसलेल्या माणसाला काय आणि कसं सांगायचं, हा विचार सुरू.

त्याच सुमारास ओळखीच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला. ‘नोकरीतल्या आठवणी’ हवेत म्हणाले. म्हटलं, लिहीन, पण नातवंडांना लिहीन. तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, ‘आजी, तू डॉक्टर नव्हतीस, मग दवाखान्यात काय करायचीस?’ दर वेळी मी ‘मोजायचे’ म्हणून विषय संपवला. आता गुडघे फिरू देत नाहीत आणि जुने सहकारी एकेक करून गेले. सांगणारं कोणी उरलं नाही म्हणून मी सांगते.

मी संख्याशास्त्र शिकले, तेही इंग्रजीतून. धुळ्यात एका वैद्यकीय संशोधनाच्या कामावर माझी नेमणूक झाली, ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आम्ही तिघं होतो. डॉ. सोनवणे आमचे प्रमुख. बोलायला सरळ, इतके सरळ की कधीकधी आपटायचे. निसारभाई प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांच्या पेटीत नळ्या, दिवा, स्पिरिट आणि एक अडकित्ता नेहमी असे. आणि मी. जिथे माणसं धुळीत, धुरात, आवाजात काम करतात तिथे जायचं, त्यांना प्रश्न विचारायचे, तपासायचं, पुन्हा काही महिन्यांनी जायचं आणि तीच माणसं तपासायची. कामाने माणूस झिजतो हे सगळ्यांना माहीत असतं. किती झिजतो आणि कशाने, हे सांगायला मात्र कोणीतरी दोनदा मोजावं लागतं. ‘दोनदा’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं अडलं.

धुळ्यातल्या मागवाल्यांच्या घरी गेलो होतो तेव्हाची गंमत आधी सांगते. यंत्रमागाच्या खटखटाटाने तिथल्या वयस्क माणसांचे कान गेलेले. एका घरात चाचांना मी विचारलं, ‘ऐकू कमी येतं का?’ ते म्हणाले, ‘बिलकुल नाही. कान एकदम ठीक.’ आतून त्यांची बायको ओरडून म्हणाली, ‘ठीक कैसे? चाय ठंडी हुई, तीन बार बुलाया!’ चाचा माझ्याकडे बघून हसले, ‘देखा? घरात कोणी बोलतच नाही माझ्याशी.’ निसारभाई परतीच्या वाटेवर म्हणाले, ‘मॅडम, बहिऱ्याला बहिरेपण दिसत नाही, घरच्यांना दिसतं.’ तेव्हापासून मी प्रश्न घरच्यांनाही विचारू लागले.

पण मला सांगायचं आहे ते जिनबद्दल. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आमच्या जळगाव-धुळ्याकडे दिवाळीनंतर जिन सुरू व्हायचे आणि उन्हाळा तापेपर्यंत चालायचे. लांबलचक पत्र्याची शेड, आत यंत्रांची रांग, प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. ती यंत्रात कापूस घालत राहणार; खाली सरकी पडणार, पुढे रुई निघणार. रुईचा बारीक तूस हवेत असा भरलेला, की दुपारच्या तिरिपेत समोरची बाई धुरकट दिसायची. पाचोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेला एक जिन आम्ही निवडला होता.

या तुसाने छातीचा एक आजार होतो. त्याची खूण विचित्र असते. माणूस रोज धुळीत असला तर त्याला फार जाणवत नाही. एक दिवस सुटी झाली आणि पुन्हा कामावर आला की त्या दिवशी छाती आवळते. पुस्तकात त्याला सोमवारचं दुखणं म्हणत. आमच्या जिनला सुटी बाजाराच्या दिवशी असायची. त्यामुळे आम्ही त्याला ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची छाती’ म्हणायचो आणि त्याच दिवशी पाचोऱ्याला हजर व्हायचो. बाया कामाला लागण्याआधी एकदा आणि काम सुटताना एकदा, अशी त्यांची फुंक मोजायची. त्यासाठी हातात धरायची नळी होती. जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा सरकायचा. बायांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं ‘फुंकणी’.

या फुंकणीने आमची पहिल्याच सकाळी फजिती केली. तोंडात धरायच्या कागदी नळ्या संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, एकच नळी औषधाच्या पाण्यात बुडवून वापरू. पहिल्या बाईने फुंकलं. दुसरी मागे सरली.

‘बाई, हाई नळी तिनी तोंडमा धरेल शे ना? मंग मी नही धरावं.’

उष्टं म्हणजे उष्टं. औषधाने जंतू मरतात, उष्टं मरत नाही. मी हुशारी केली. जिनच्या हापिसातून जुनी कॅलेंडरं मागून आणली आणि त्यांच्या जाड, गुळगुळीत कागदाच्या नळ्या वळल्या. प्रत्येकीला स्वतंत्र नळी. मोठ्या समाधानाने मी त्या ताटात मांडल्या. रांगेतल्या पहिल्या बाईने नळी उचलली, फिरवून पाहिली आणि ताटात परत ठेवली.

‘लक्ष्मीमायना तोंडवर तोंड ठेवू का मी?’

सगळी रांग हसायला लागली. तेव्हा रांगेच्या टोकाची एक बाई पुढे आली. उंच, वाळलेली, कपाळावर मोठं गोंदण. तिने ताटातल्या नळ्या उलगडल्या, देवाचा भाग कातरून बाजूला ठेवला, उरलेल्या तारखांच्या कागदाच्या नळ्या वळल्या आणि म्हणाली, ‘चला, आते फुका. एकादशीना कागद मनासाठी ठेवा, तेवढंच पुण्य.’ ती सुपडूअक्का. मूल जगत नसलं की जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून नाव ठेवतात, तशी ती सुपडू. जिनमधल्या बायांची मुकादम. शेठ मजुरी ठरवायचा, पण कोण कुठल्या यंत्रावर बसेल ते अक्का ठरवायची.

त्या जिनमध्ये एक पद्धत होती. दुपारच्या सुटीत प्रत्येक बाईला शेठकडून गुळाचा खडा मिळायचा. समजूत अशी, की गूळ खाल्ला की तूस घशातून धुऊन निघतो. अक्का म्हणायची, ‘गूळ खादा का रुई खाले उतरी जास.’ शेठचाही तसाच विश्वास होता, निदान सोयीचा तरी होता. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, ‘हवा बाहेर जायला पंखा का नाही? भिंतीत खिडक्या का नाहीत?’ शेठ म्हणाला, ‘साहेब, खिडकीतून ठिणगी आली तर कापूस पेटेल. आणि गूळ देतो की मी. माझ्या वडिलांच्या काळात तोही नव्हता.’

हे खरं होतं. तो गूळ अक्काने मिळवला होता. कधीकाळी ती आणि तिच्यासोबतच्या बाया जिनच्या फाटकात बसून राहिल्या होत्या, तेव्हा तो सुरू झाला. त्यामुळे गूळ म्हणजे जिनमधल्या बायांचा मान होता. अर्धा खडा तोंडात जायचा आणि अर्धा पदराच्या गाठीत, घरच्या पोरांच्या चहासाठी. अक्का तर बहुतेक सगळाच खायची. ‘मना छातीमा बठ्ठास्ना आधीची रुई शे,’ म्हणायची; बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांच्या.

फुंकणीसोबत आम्ही लघवीही तपासत होतो. साखरेचं दुखणं हे गादीवर बसणाऱ्यांचं, असं तेव्हा सगळेच मानत, आम्हीही. दिवसभर राबणाऱ्या, वाळलेल्या बायांमध्ये ते सापडेल असं वाटलं नव्हतं. निसारभाईंनी दिव्यावर नळी धरली, निळा रंग गेला, विटकरी झाला. त्यांनी दुसरा नमुना घेतला. पुन्हा विटकरी. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘मुकादमीणबाईंची आहे.’

मी अक्काला शेडच्या मागे, सरकीच्या ढिगापाशी नेऊन एकटीला सांगितलं. तहान, वारंवार उठणं, पायाच्या न भरणाऱ्या जखमा, सगळं विचारलं. तिने सगळ्याला मान हलवली.

‘मग गूळ बंद?’ ती म्हणाली.

‘बंद.’

‘आणि छाती?’

‘गुळाने छाती धुतली जात नाही, अक्का. गूळ पोटात जातो, तूस छातीत. वाटा वेगळ्या.’

तिने ढिगातली सरकी मुठीत घेतली आणि खाली सोडली. मग म्हणाली, ‘बाई, एक करा. कोन्हाले सांगू नका. मुकादम आजारी शे म्हनीसन समजनं, तं शेठ उद्या दुसरी बसाडी.’ मी शब्द दिला. तो पाळणं सोपं होतं, कारण आमच्या कामाचा तो पहिलाच नियम होता.

डॉक्टरांनीही नाव घेतलं नाही. पण त्या संध्याकाळी शेठच्या गादीवर चहा घेताना ते सरळपणे बोलून गेले, ‘तुमच्या काही बायकांना साखर आहे. त्यांना गूळ बरा नाही.’ शेठने मोठ्या काळजीने मान डोलावली. आम्ही जीपमध्ये बसलो. नशिराबाद मागे पडलं आणि एदलाबादकडचं दुसरं काम सुरू झालं. गुळाचं मी विसरूनही गेले.

हंगाम संपत आला. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती; लेकी माहेरी यायच्या आधी जिन बंद होणार. दुसरी मोजणी करायला आम्ही पाचोऱ्याला गेलो. फाटकाजवळ पाटी: ‘डॉक्टरसाहेबांच्या सल्ल्याने गूळवाटप बंद.’

शेडमध्ये कोणी आमच्याकडे बघेना. मी नळ्यांचं ताट मांडलं. एकही हात पुढे आला नाही. शेवटी एक म्हातारी यंत्रावरूनच बोलली, ‘मनी फुंक नेली, मना मूत नेला, मंग गूळबी नेला. आते काय लेवाले उनात?’

‘फुका तुमनी फुंकणी तुम्हीच!’ दुसरी म्हणाली.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘मी खरं तेच बोललो होतो,’ ते पुटपुटले. खरं होतं. खरं बोलताना समोर कोण बसलं आहे तेवढं पाहिलं नव्हतं. आता दुसरी मोजणी झाली नाही, तर पहिलीला काही अर्थ नव्हता. हंगामभरात या छात्या किती बिघडल्या ते कोणालाच सिद्ध करता आलं नसतं; आणि ते सिद्ध झाल्याशिवाय शेठपुढे खिडकीचं नाव काढायचीही सोय नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट दुपारी कळली. गूळ बंद करताना शेठने ‘काही जणींना साखर निघाली’ असं सांगितलं होतं, आणि बायांनी गुन्हेगार शोधून काढला होता. ‘कोणाच्या मुतात साखर निघाली?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं: हमीदा. हमीदा नवी होती, बारीक होती, आणि दिवसभर पाणी प्यायची. तिच्यामुळे सगळ्यांचा गूळ गेला म्हणून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. दुपारी ती भाकरी घेऊन एकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘बाई, मेरी ही थी क्या?’

तिची नळी निळीच राहिली होती. तेवढं मी तिला सांगितलं. पण इतरांना काय सांगणार? ‘हमीदाची नाही’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ‘मग कोणाची?’ अक्का पलीकडे भाकरी खात बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मी तिला शब्द दिला होता. मी उठून ताटाकडे परत गेले. आजही वाटतं, बोलायला नकोच होतं.

सुटी संपल्याचा भोंगा झाला. बाया उठल्या. अक्का मात्र यंत्राकडे न जाता ताटाकडे आली, हात पुसले आणि एक नळी उचलली. मग वळून शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘साखर मनी शे. हमीदानी नही. मना मुतनी नळी लाल व्हयनी व्हती. तिले बोलाडाले लागा.’

शेडमध्ये यंत्रं सुरू व्हायची थांबली. म्हातारी म्हणाली, ‘तूच आनेल गूळ, आनि तूच घालाडा?’

‘मी नही घालाडा. शेठनी घालाडा. साखर एकनी, तोंड बठ्ठास्नं बांधं.’

आवाज ऐकून शेठ गादीवरून उठून दारात आला होता. त्याची गादी शेडला लागूनच, मध्ये फक्त एक फळ्यांची आडभिंत. अक्का तशीच त्याच्याकडे वळली. ‘शेठ, मना गूळ बंद करा. मले नको. त्यास्ना काबरं बंद करा?’

‘अक्का, डॉक्टरसाहेबच म्हणाले…’

आता डॉक्टर पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते शब्द मोजून बोलत होते. ‘शेठजी, गुळाने छाती साफ होत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. पण ज्यांना साखर नाही, त्यांनी राबताना गूळ खाल्ला तर बिघडत नाही. गूळ द्यायचा की नाही तो तुमचा आणि यांचा मामला. माझ्या नावाची पाटी काढा. आणि हवेचं बघा.’

‘हवेला काय झालंय? मी पण इथेच बसतो जन्मभर.’

अक्काने दुसरी नळी उचलून त्याच्यापुढे धरली. ‘मंग तुम्हीबी फुका ना, शेठ.’

बायांमधून कोणीतरी खिदळलं. नाही म्हणणं शेठला अवघड झालं. त्याने टोपी सारखी केली, छाती भरून घेतली आणि फुंकलं. काटा थोडा वर गेला आणि थांबला. त्याला वाटलं आपलं चुकलं. पुन्हा फुंकलं. काटा पुन्हा तिथेच. निसारभाईंनी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो बायांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, ‘मी तर विडीसुद्धा ओढत नाही हो.’

डॉक्टर म्हणाले, ‘या बायापण ओढत नाहीत.’

मग अक्काने फुंकलं. त्यानंतर म्हातारीने, मग एकामागून एक सगळ्यांनी. हमीदाला अक्काने आपल्या मागेच उभं केलं होतं. संध्याकाळी काम सुटताना पुन्हा सगळ्या आल्या. अक्काचा काटा हंगामाच्या सुरुवातीला होता त्याच्या बराच खाली राहिला. मी आकडा वहीत लिहिला. काटा तिला दिसतच होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विजय फारसा नाही. आमचा अहवाल वर गेला आणि वरच राहिला. पंखा कधीच बसला नाही. पुढच्या हंगामाला मात्र शेडच्या भिंतीत बारीक जाळीच्या खिडक्या निघाल्या होत्या. सगळ्या शेठच्या गादीजवळच्या बाजूला. डॉक्टर चिडले. अक्का हसली आणि ज्यांना जास्त खोकला त्यांची यंत्रं तिने त्या बाजूला लावून दिली. ‘शेठनी हवा शे, आपलीबी थोडी खाऊ,’ म्हणाली.

मुकादमी तिच्याकडे राहिली नाही. शेठने काढली नाही. तीच सोडून बाहेरच्या आवारात कापूस निवडायला गेली. तिथे हवा होती, पण मजुरी कमी होती. छातीला उतार पडला, साखरेला पडला नाही. काही वर्षांनी पायाची जखम चिघळली आणि पाय गेला. मी तिला जळगावच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, छाती वाचाडी, पाय लयी गया. हिशोब बराबरच.’ मी त्यावर हसले होते. त्याच पावसाळ्यात ती गेली. गोळ्या नेमाने मिळाल्या असत्या, तर कदाचित गेली नसती. छाती कापसाची, साखर गोडाची अशी आम्ही खाती वाटून घेतली होती. एकाच बाईला दोन्ही असतात आणि दोन्ही तिच्या कामातून, पोटातून, गरिबीतून येतात, हे आम्हाला समजायला फार वेळ लागला.

गूळ मात्र परत आला होता. त्या दिवशी बायांसमोर शेठ म्हणाला, ‘गूळ देतो, पण सोबत फुटाणेपण देतो. नुसता गूळ नको, डॉक्टरसाहेब म्हणतात तर.’ अब्रू राखायला माणसाला काहीतरी लागतंच. त्यावर अक्काने एक नियम घातला. जिला गूळ नको असेल तिला नुसते फुटाणे द्यायचे, आणि का नको ते तिला कोणीच विचारायचं नाही. शेठनेही नाही, बायांनीही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला पाचोऱ्याला गेले होते, तेव्हा गाडी जिनवरून वळवून घेतली. आता तिथे शेठचा नातू बसतो. यंत्रं बदलली, बाया कमी झाल्या, अक्काचं नाव कोणाला आठवत नाही. दुपारची सुटी होती. गूळ-फुटाण्यांची टोपली घेऊन एक जण वाटत फिरत होता. एका बाईने त्याला म्हटलं, ‘मले नुसते फुटाणे.’ त्याने ओंजळभर फुटाणे तिच्या पदरात घातले आणि पुढे गेला. तिला कोणीही काही विचारलं नाही.